पिवळा ठिपका

"मग माझा रंग मला कधी देणार, वस्ताद?"

बाबालाल मिस्त्री चहा पीत होते. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, त्यामुळे पेला अर्धाच भरायचा आणि दोन्ही हातांनी धरायचा असं चाललं होतं. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"कुठला पाहिजे?"

"निळा."

"निळाच कशाला?"

"लांबनं दिसतोय."

"कुणाला?"

खरं सांगायचं तर जोतीराम चौगलेला प्रश्नच फाजील वाटला. रंग लांबून दिसतो, एवढं कारण माणसाला पुरेसं नाही का? पण वस्तादांना उलट विचारायची गॅरेजात पद्धत नव्हती. त्याने फडक्याने हात पुसले. हात आधीच स्वच्छ होते.

"बघू," मिस्त्री म्हणाले.

हे 'बघू' जोतीराम दोन वर्षं ऐकत होता.

गडहिंग्लजहून संकेश्वरला जाताना गाव संपता संपता करंजाच्या झाडाखाली बाबालाल मुजावरांचं गॅरेज लागतं. तिथली एक रीत आहे. इंजिनाचं काम पुरं झालं की जिथे हात लावला त्या जागी रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे जबान. गाडी त्याच दुखण्याने परत आली तर ज्याचा ठिपका त्यानेच ती पुन्हा उघडायची, दुसऱ्याने हात घालायचा नाही.

मिस्त्रींचा रंग पिवळा. पिवळा ठिपका असला की डोळे झाकून आंबोलीचा घाट उतरावा, असं चंदगडपर्यंतचे लोक म्हणत.

आणि गंमत अशी, की हाताखालची माणसंही पिवळाच ठिपका लावीत; त्यांच्या कामाची जबानही वस्तादांचीच. कुणाला पाच वर्षं झालेली असोत, कुणाला दहा. ज्या दिवशी वस्ताद आपल्या हाताने नव्या रंगाचा डबा देतील, त्या दिवसापासून तो माणूस मिस्त्री. मग त्याने खुशाल कुठेही आपलं दुकान थाटावं. चाळीस वर्षांत असे सात डबे दिले गेले होते. निपाणीत हिरवा होता, आजऱ्यात तांबडा होता.

आठवा डबा आपला, हे जोतीरामने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे किती, तर हरळी रस्त्याला शेड घेतली, पाडव्याचा मुहूर्त काढला, आणि 'जोतीराम ऑटो गॅरेज' अशी पाटी निळ्या अक्षरात रंगवून घरी पलंगाखाली ठेवली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. पाडवा आठ दिवसांवर आला होता आणि वस्ताद 'बघू' म्हणत होते.

रंग नसताना दुकान उघडायला त्याला कुणी अडवणार नव्हतं. पण सात जणांनी डबा घेऊन दुकान काढलं आणि आठव्याने न घेता काढलं, ही गोष्ट तालुक्यात आयुष्यभर मागे लागली असती. तेवढी अब्रू त्याला होती.

तो पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात रस्त्यावरून एक जुनी व्हॅन आचके देत आली आणि करंजाखाली येऊन गपकन थांबली.

व्हॅनमधून मालनबाई कासार उतरल्या. पन्नाशी उलटलेली बाई, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला चंची. आठवडी बाजारांतून बांगड्या भरायचा त्यांचा धंदा, आणि नवऱ्याच्या माघारी गाडीही त्याच चालवत.

"बाबालालभाई, ही गाडी आता माझ्या जिवावर उठली," त्या म्हणाल्या. "चढ लागला की उचक्या देती. परवा महागावच्या चढाला चार डझन वाढवल्या हिनं."

बांगडी फुटली असं मालनबाई कधी म्हणत नसत. बांगडी वाढते.

"बाजार कधी हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"उद्या नेसरीचा. परवा आजऱ्याचा."

"एक पिस्टन झोपलंय," जोतीराम लांबूनच म्हणाला. त्याचा कान चांगला होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. "प्लग गेला असंल. अर्ध्या तासाचं काम."

मिस्त्रींनी मान हलवली. "काढ."

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. जोतीरामने सीट उचलली, खालचं झाकण काढलं. तीन पिस्टनांचे तीन प्लग. पहिल्याची वायर उपटली, प्लगपाना घातला, एक हिसका दिला, प्लग निघाला. दुसराही निघाला.

तिसरा निघाला नाही.

जोतीरामने पाय रोवले. लहानपणी त्याने तालमीत माती खाल्ली होती आणि अजून त्याचे दंड बाह्यांत मावत नसत. त्याने पुन्हा जोर लावला. व्हॅन हलली. प्लग हलला नाही.

"कुठल्या रेड्यानं आवळलाय ह्यो?" तो म्हणाला. "असल्या लोकांच्या हातात पानाच देऊ ने. नारळ फोडाय ठेवलं पाहिजे देवळात."

मालनबाईंना हसू आलं.

जोतीराम उठला आणि भिंतीशी टेकवलेला हातभर लांबीचा लोखंडी पाईप घेऊन आला. पाईप पान्याच्या दांड्यावर चढवला की दांडा दुप्पट होतो आणि जोर चौपट झाल्यासारखा वाटतो.

"पाईप ठेव," मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले.

"त्याबिगर हलायचा न्हाई, वस्ताद."

"पाईपनं हलंल. मग थांबंल कुठं?"

हे मात्र खरं होतं, आणि जोतीरामलाही ठाऊक होतं. प्लग पोलादाचा, तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं. जुन्या इंजिनात ही दोन वर्षानुवर्षं एकमेकांना धरून बसतात. जास्त जोर लावला तर एक तर प्लगची मान मोडते आणि धड आतच राहतं, नाही तर प्लग हेडचे आटे सोलून बरोबर घेऊन येतो. मग सगळं हेड उतरवायचं, कोल्हापूरला पाठवायचं, आणि पंधरा दिवस गाडी करंजाखाली. मालनबाईंचे सगळे बाजार बुडाले असते.

त्याने पाईप भिंतीला लावला. तारेचा ब्रश घेतला, हवा मारली, आणि प्लगच्या भोवती साचलेली धूळ-तेलाची खपली घासायला लागला. आटे मोकळे करायच्या आधी वरची घाण काढलेली बरी, नाही तर ती आत पडते.

खपली निघाली. खाली रंग दिसला.

मालनबाई वाकून बघतच होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "पिवळा. बाबालालभाई, हा तर तुमचाच ठिपका हाय की."

मिस्त्री खुर्चीवरून उठले. गुडघ्याला हात लावत व्हॅनपाशी आले आणि वाकले. ठिपक्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मालनबाईंकडे बघितलं. जोतीरामकडे काही बघितलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "माझाच."

जोतीरामला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला हवं, जरी ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला बरं वाटलं. म्हणजे वस्तादसुद्धा चुकतात तर. आपल्याला दोन वर्षं 'बघू' म्हणून लटकवणारा माणूस प्लग इतका आवळतो की गाडी उचलली जाईल पण प्लग सुटणार नाही. आता म्हणावं, बघू.

मग त्याने ठिपका नीट बघितला.

वस्तादांचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा असे. बारीक ब्रशने, एकदाच टेकवून दिलेला. गॅरेजातली बाकीची माणसंही तसाच द्यायला शिकली होती. हा ठिपका जुन्या रुपयाएवढा होता आणि त्यात अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या.

जोतीरामने आपला अंगठा मुठीत मिटला.

चार वर्षांमागची गोष्ट. वस्ताद मिरजेला दर्ग्याच्या उरुसाला गेले होते, चार दिवस. जाताना गॅरेज त्याच्यावर सोपवून गेले होते. मालनबाईंची हीच व्हॅन त्यांचा पुतण्या आणून लावून गेला आणि निरोप सांगून गेला, की एक प्लग सारखा सैल होतो, वाटेत फसफसतो, तेवढा घट्ट बसवा. जोतीराम म्हणाला, असा बसवतो की बघत राहाल. नवा प्लग घेतला, आटे पुसले नाहीत, कोरडाच घातला, हाताने फिरत नव्हता तरी पान्याने फिरवला, आणि शेवटी पाईप चढवून दोन आचके दिले. शेजारचा पंक्चरवाला बघत उभा होता. त्याला जोतीराम म्हणाला होता, "ही गाडी भंगारात जाईल, पर ह्यो प्लग निघायचा न्हाई." दोघंही हसले होते. ब्रश सापडेना, म्हणून त्याने अंगठाच डब्यात बुडवला होता. त्या दिवशी त्याला फार छान वाटलं होतं. बाईने घट्ट बसवायला सांगितलं, आपण घट्ट बसवला. यात पाप काय?

त्या वेळी गॅरेजात पाच माणसं होती आणि पाचही पिवळा लावीत. अंगठ्याची गोष्ट फक्त त्याला माहीत होती. पंक्चरवाला तर केव्हाच दुकान मोडून पुण्याला गेला होता.

मिस्त्रींनी बाही वर सारली.

"पाना दे."

"मी करतो की, वस्ताद."

"ठिपका कुणाचा हाय?"

"तुमचा."

"मग पाना दे."

जोतीरामने पाना दिला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत धरला आणि प्लगवर बसवायला गेले. हात थरथरत होता. पान्याचं तोंड प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर कटकट कटकट वाजायला लागलं. बसेना. त्यांनी पुन्हा नेम धरला. पुन्हा कटकट.

मालनबाईंनी तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिल्या. समजूतदार बाई होती.

गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. जोतीरामने हिशेब केला, तोही अगदी थंड डोक्याने. आपण नुसतं उभं राहायचं. पाना तिरका बसेल, प्लगची मान मोडेल, हेड कोल्हापूरला जाईल. गाव म्हणेल, मिस्त्रींचा हात गेला, बिचारे. कामं आपल्याकडे येतील. वस्तादांनाही मग डबा द्यायला वेळ लागणार नाही. आणि बोललो तर? तर आठ दिवसांवर आलेला पाडवा गेला, निळा रंग गेला, आणि पाटी पलंगाखाली कुजली. इथली बारा वर्षं एका अंगठ्यापायी पाण्यात.

सहज जमण्यासारखं होतं. मूग गिळायला कुठे शिकावं लागतं?

पाना पुन्हा वाजला. कटकट कटकट. तो आवाज त्याला ऐकवेना. या हाताने त्याला पहिल्यांदा पाना धरायला शिकवलं होतं.

"वस्ताद…"

"काय?"

"ठिपका तुमचा न्हाई."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "रंग पिवळा हाय."

"रंग तुमचा. अंगठा माझा."

मालनबाईंनी मान वळवली.

"पाईप लावून मीच आवळलावता," जोतीराम म्हणाला. "आटे कोरडे हुते. हातानं फिरत नव्हता तरी रेटला. मघाशी म्हटलं न्हवं का, कुठला रेडा… त्यो मीच."

"मग मघाशी का बोलला न्हाईस?" मालनबाईंनी विचारलं.

"आधी ध्यानात आलं न्हाई, आक्का. आणि ध्यानात आल्यावर भ्यालो."

मालनबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं. मग त्या गॅरेजातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि चंची सोडून पान लावायला लागल्या. म्हणजे आज घरी लवकर जायचं नाही, हे त्यांनी ओळखलं.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "गाडी सुरू कर," ते म्हणाले.

"प्लग…"

"दोन बसव परत. पाच मिंटं चालव. कोमट हू दे."

जोतीरामने तसं केलं. इंजिन कोमट झाल्यावर बंद केलं. मिस्त्रींनी पातळ तेलाची बुधली आणायला सांगितली आणि प्लगच्या बुडाशी चार थेंब सोडायला लावले. मग त्यांनी लाकडाची मोगरी दिली आणि पाना प्लगवर घालून वरून हलकेच ठोकायला सांगितलं. मारायचं नाही, झोपलेल्या माणसाचं दार वाजवावं तेवढंच. पुन्हा तेल.

"आता?" जोतीरामने विचारलं.

"आता बस."

तो बसला. त्याला बसणं ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांनी तो उठून बघून आला. पुन्हा चार मिनिटांनी.

"मालनबाई," मिस्त्री म्हणाले, "घट्ट काकण हातातनं कसं काढता?"

मालनबाईंनी पान गालात सारलं. "ओढत न्हाई," त्या म्हणाल्या. "ओढलं की वाढलंच. साबण लावायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचं, काकण आधी मागं सारायचं, मग पुढं. परत मागं, परत पुढं. आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. माहेरचं काय, सासरचं काय. तिचं ध्यान हातावरनं गेलं की हात सैल पडतोय."

"म्हंजे मी आता प्लगाला माहेरचं इचारू?" जोतीराम म्हणाला.

"तू गप बसलास तरी त्याला पुरं हाय," मिस्त्री म्हणाले.

मालनबाई मोठ्याने हसल्या. जोतीरामही हसला, आणि मग त्याला आठवलं की आपल्याला हसायचा आज काही अधिकार नाही.

तास गेला. करंजाची सावली सरकून व्हॅनच्या टपावर आली. मिस्त्री उठले.

"पाना घाल. आता आवळ."

"आवळू?" जोतीरामला वाटलं, वस्ताद टोमणा मारतात. "आवळल्यानंच तर ही पाळी आली."

"सुईच्या टोकाएवढं आवळ. सोडायच्या आधी त्याला हलाय तर शिकू दे."

जोतीरामने पाना धरला. दांडा धरला की त्याच्या दंडात आपोआप जोर येई. तो आला. मिस्त्रींनी मागून येऊन आपला उजवा हात त्याच्या मुठीवर ठेवला.

हात थरथरत होता. ती थरथर जोतीरामच्या बोटांत उतरली, मनगटात चढली. त्याने मूठ घट्ट केली. तालमीत पहिलं शिकवतात ते हेच, हात डळमळू द्यायचा नाही.

"थांबवू नको त्याला," मिस्त्री म्हणाले.

"पर हात हालतोय, वस्ताद."

"हालू दे."

जोतीरामने मूठ सैल सोडली. थरथर पान्यात गेली. कणभर इकडे, कणभर तिकडे. जोर असा काहीच नव्हता, असेल तर तो जुन्या माणसाच्या अंगातला अशक्तपणाच होता. त्यात आपला किती जोर मिसळायचा हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने थोडा मिसळला. मग अजून थोडा. आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला.

टक्.

इतका बारीक आवाज, की मालनबाईंना ऐकू आला नाही. जोतीरामला तो हातात ऐकू आला.

"सुटला," तो म्हणाला.

"हलला," मिस्त्री म्हणाले. "अजून सुटला न्हाई."

तिथून पुढे फक्त काम होतं. पाव फेरा सोडायचा. प्लग कुरकुरला की थांबायचं, अर्धा पाव मागे आवळायचा, तेल सोडायचं, बसायचं. पुन्हा पाव फेरा. दोनदा जोतीरामला वाटलं आता एका हिसक्यात येईल, आणि दोनदा मुठीवरचा हात जड झाला. मग कधी तरी मिस्त्रींनी हात काढून घेतला. कधी काढला ते त्याला कळलंही नाही. त्याची स्वतःची बोटं अजून बारीक हलतच होती.

चार वाजता प्लग हातात आला. आट्यांत पांढरी भुकटी भरलेली होती, टोक काळं ठिक्कर पडलं होतं, पण आटे शाबूत होते. जोतीरामने बॅटरी मारून भोकात बघितलं. हेडचेही आटे शाबूत होते. त्याने श्वास सोडला. सकाळपासून तो धरूनच ठेवला होता असं त्याला वाटलं.

"निघाला की वो," मालनबाई म्हणाल्या. "आणि न वाढता निघाला."

नवे तीन प्लग आले. जोतीरामने भोकांतले आटे चिंधीने पुसून घेतले, प्लगच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावलं आणि तिन्ही प्लग नुसत्या हाताने फिरवत शेवटपर्यंत नेले. मग पाना लावला.

"किती आवळू?" त्याने विचारलं. बारा वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं.

मिस्त्रींनी अंगठा आणि दोन बोटं वर करून दाखवली. तीन बोटांत जेवढा जोर मावतो तेवढा.

इंजिन सुरू झालं. तिन्ही पिस्टन बोलायला लागले. मालनबाई सीटवर बसून रस्त्यावर एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "उद्या नेसरीला जाते मी." त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते जोतीरामला सोसवेना. चूक आपली आणि कौतुकही आपल्याच वाट्याला.

आता फक्त ठिपका राहिला होता. सीट पुन्हा उचलून ठेवली होती. जोतीराम फळीवरचा पिवळा डबा घ्यायला वळला.

मिस्त्री आतल्या खोलीत गेले होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक डबा होता. निळा. झाकण उघडलेलं नव्हतं, पण वर धुळीचा थर होता. बरेच महिने तो आत कुठे तरी पडून असला पाहिजे.

"हा लाव."

जोतीराम डब्याकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला नाही.

"आज कसा घीऊ, वस्ताद? सकाळी मागितला तवा लायकी हाय वाटत हुती. आता कुठं हाय?"

"धर. हात दुखतोय माझा."

हात थरथरत होता आणि डब्यातला रंग आत डुचमळत होता. तेवढ्यासाठी जोतीरामने डबा घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं, आणि मालनबाईंनी ते बघितलं नाही असं दाखवलं. पान्याच्या टोकाने झाकण उचकटलं. ब्रश होता, पण त्याने आगपेटीची काडी घेतली, ती रंगात टेकवली आणि तिसऱ्या प्लगच्या कडेला ठिपका दिला. तिळाएवढा. लांबून काय, जवळूनही शोधावा लागला असता.

त्याच्या शेजारीच तो जुना पिवळा ठिपका होता, रुपयाएवढा, अंगठ्याच्या रेषांसकट.

जोतीरामने रॉकेलचं फडकं घेतलं आणि पिवळा ठिपका पुसायला वाकला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"त्यो राहू दे."

"पुसतो की, वस्ताद. खोटा हाय त्यो. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणी उघडली तर काय म्हणंल? बाबालाल मिस्त्रींनी असलं काम केलं म्हणंल."

"म्हणू दे. केलंय."

"तुम्ही कुठं केलंय? मी केलं. मघाशी कबूल केलं न्हवं का सगळ्यांसमोर?"

मनगट मिस्त्रींनी सोडलं नव्हतं.

"अहो, तुम्ही त्या दिवशी उरुसाला गेलावता," जोतीराम म्हणाला. "गावात तरी हुता का?"

"नव्हतो," मिस्त्री म्हणाले. "तीच चूक."